कबरीचा रंग कोणाकडे जातो

माझ्या मोठ्या बहिणीने मला आयुष्यात एकच गोष्ट सांभाळायला दिली, ती म्हणजे एक कोंबडी. आणि तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या मी त्या कोंबडीचं वाटोळं केलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणी माझ्याबद्दल उगाच चांगलं मत करून घेणार नाही.

ताईचं घर पवनारला, धाम नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने बोडक्या मानेच्या कोंबड्या पाळल्या. या जातीला डोक्यापासून छातीपर्यंत पीसच नसतं. मान लालभडक आणि उघडी. नवा माणूस हमखास विचारायचा, "काय दुखणं झालं व हिले?" गल्लीतली पोरं गिधाडं म्हणायची. ताईला त्याचं काही वाटायचं नाही. मे महिन्यात बाकीच्यांच्या कोंबड्या चोच उघडी टाकून सावलीत धापा टाकायच्या आणि ताईच्या भर दुपारी उकिरडा उकरत फिरायच्या. "मान उघडी आहे म्हणून तगते," ती म्हणायची. "तुमच्या फरवाल्या घाला फ्रीजमंधी."

त्यातही तिच्या कोंबड्या कबऱ्या होत्या. काळ्या पिसावर पांढऱ्या आडव्या पट्ट्या, एकसारख्या, अंगभर. असा रंग आणि अशी मान एकत्र मी आमच्या भागात दुसऱ्या कोणाकडे पाहिली नाही. चाळीस वर्षं तिने तो वाण टिकवला होता. मी वर्ध्याला हॉस्टेलवर शिकत होते तेव्हा ती एसटीच्या कंडक्टरजवळ डबा द्यायची. डब्यात कुटार, म्हणजे बारीक भुसा, भरलेलं आणि त्यात रुतवलेली अंडी. एकही कधी फुटलं नाही. बी.एस्सी.ची तीन वर्षं माझं रात्रीचं जेवण म्हणजे मेसची पातळ डाळ आणि ताईचं उकडलेलं अंडं. आनुवंशिकता मी शिकले ती त्या अंड्यांवर, असं म्हटलं तरी चालेल.

मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात कोंबड्यांत मानमोडीचा रोग आला. चार दिवसांत ताईचं खुराडं रिकामं झालं. एकच कोंबडी वाचली, कारण ती अंडी उबवायला खुडूक होऊन धान्याच्या खोलीत टोपलीखाली बसली होती. आणि त्याच हिवाळ्यात ताईच्या पोटात गाठ निघाली. तिचा मुलगा नागपूरला नोकरीला, तो तिला न्यायला आला. संक्रांत नुकतीच झाली होती. गाडी दारात उभी, भाच्याचं "आई, चल" सुरू, आणि ही बाई टोपली घेऊन माझ्यासमोर उभी.

"तुयाजवळ अंगण आहे," ती म्हणाली. "एवढी नेजो सिंदीले. एकच आहे, पण एकीतून होते. मायी कबरी संपू देऊ नको."

"नेते. तू तुझं बघ."

"आयक. हिच्या पिल्लायत डोक्यावर पांढरा ठिपका असन, तो नर समज. नर ठेवजो. कबरीचा रंग पोट्ट्याले जाते, पोट्टीले नाई. अन् त्यातला एक मोठा झाला का..." इथे ती जरा अडखळली, भाच्याकडे पाहून आवाज खाली केला. "हिच्याचजवळ सोडजो. मंग पोट्ट्या कबऱ्या येतीन."

माझं डोकंच सटकलं. एक तर मायलेकांची जोडी लावायची म्हणे. पण ते मी सोडून दिलं असतं. मला झोंबलं ते दुसरंच. पोट्ट्याला जाते, पोट्टीला नाही! अरे बाप्पा, कोंबडीतही तेच?

हे मला का झोंबलं ते सांगायला हवं. बाबा गेले त्याला तेव्हा सात वर्षं होत आली होती. ते गेल्यावर वर्षाच्या आत आमच्या धाकट्या भावाने आम्हा दोघी बहिणींना तहसिलीत नेलं आणि शेतावरचा आमचा हक्क सोडल्याच्या कागदावर सह्या घेतल्या. ताईने कागद वाचलादेखील नाही. मी भांडले. वरांड्यात लोक गोळा होईपर्यंत भांडले. भाऊ मान खाली घालून उभा होता, आणि ताई म्हणाली, "कर व सही. घरी जाऊ, ऊन झालं." मी केली. पण त्या दिवसापासून जाम फाट्याच्या पुढच्या त्या गावात, माहेरच्या त्या घरात, मी पाय ठेवला नाही. भावापेक्षा मला ताईचा राग जास्त आला होता. तिने तोंड उघडलं असतं तर आम्ही दोघी होतो.

म्हणून त्या दिवशी गाडीच्या दारात, आजारी बहिणीला, मी सुनावलं. "सगळं पोट्ट्यालेच जाते नं तुझ्या हिशेबानं? शेत पोट्ट्याले, रंगही पोट्ट्याले. विज्ञानात असं काही नसतं ताई. अर्धं आईचं, अर्धं बापाचं, मुलगा असो की मुलगी. दहावीच्या पोराला विचार."

तिने टोपली माझ्या हातात ठेवली. मग म्हणाली, "तू शिकली आहे. पण नर ठेवजो." आणि गाडीत बसली.

सिंदीला माझं घर स्टेशनापासून दहा मिनिटांवर. मागे मोठं अंगण, दोन बोरी, एक सीताफळ. नवरा गेल्यापासून मी एकटीच. शेजारच्या घरी एक तांबडा कोंबडा होता, तो दिवसभर माझ्याच अंगणात असायचा. फेब्रुवारीत कबरीने अंडी दिली, तेरा जमल्यावर तिला बसवलं. आठव्या दिवशी मी अंधाऱ्या खोलीत टॉर्चवर एकेक अंडं धरून पाहिलं. अकरांमध्ये लाल शिरा दिसल्या. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, आणि कितीतरी दिवसांनी मला काहीतरी शिकवावंसं वाटलं. कोणाला शिकवणार? जुन्या डायरीत स्वतःसाठीच आनुवंशिकतेचे चौकोन आखून बसले.

मानेचा चौकोन मी असा मांडला: कबरीच्या मानेवर एकही पीस नाही, म्हणजे बोडकेपणाचा गुण तिच्याजवळ दुहेरी आहे. शेजारचा कोंबडा भरल्या मानेचा. तेव्हा सगळीच पिल्लं बोडक्या मानेची येणार, पण गुण एकेरी असल्यामुळे गळ्याच्या पुढच्या बाजूला पिसांचा एक लहान झुपका राहणार. एकविसाव्या दिवशी अकरा पिल्लं निघाली. अकराच्या अकरा बोडक्या मानेची, आणि प्रत्येकाच्या गळ्यावर लवेचा झुपका! मी एकटीने टाळी वाजवली. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला ताईची आठवण आली ती तिला चूक ठरवण्यासाठीच.

सहा पिल्लांच्या डोक्यावर पांढरा ठिपका होता. पाचांच्या नव्हता. पुढे पिसं फुटली तेव्हा सहाही कबरे झाले आणि सहाही नर निघाले. पाच पोरी तांबूस-काळ्या. आता एखादी शहाणी बाई इथे थांबली असती. बहिणीने सांगितलेलं शब्द न् शब्द डोळ्यांसमोर खरं होत होतं. पण मी शहाणी नव्हते, मी शिकलेली होते. माझ्याकडे उत्तर तयार होतं. वाटाण्यात नाही का होत? पहिल्या पिढीत गुण लपतो, दुसऱ्या पिढीत बाहेर येतो. हे मी तेहतीस वर्षं फळ्यावर काढलं होतं. पोरींमध्ये कबरा रंग लपून बसला आहे, त्यांच्या पिल्लांत येईल. त्यासाठी सहा दांडगे कोंबडे कशाला पोसायचे? मी पोरी ठेवणार होते. मुद्दाम ठेवणार होते. वाण पोरींकडून चालवून दाखवणार होते.

ताई दर आठवड्याला फोन करायची. औषधाने तोंड सोलून निघायचं, बोलताना त्रास व्हायचा, तरी आधी विचारायची ते कोंबडीचं. "नर ठेवले नं?"

"ठेवले व ताई, ठेवले."

तोवर ते खरं होतं.

मग पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्याकडे घरोघरी कोंबडं नाही तर मटण शिजतं. भाऊ दरवर्षी करीला ताईकडे जेवायचा. त्या वर्षी ताई नागपूरला. तिने मला फोन केला, "तो यंदा तुयाकडे येईन. येऊ देजो. माया शब्द आहे." आजारी माणसाला नाही कसं म्हणायचं?

आणि मग मला ते सुचलं. सहा नर होतेच. भाऊ जेवायला येणार होताच. मला त्यात एक दुष्ट मजा वाटली, ती मी आजही नाकारत नाही. सगळं मुलग्यांना जातं म्हणतात ना? घ्या, हे मुलगे. सकाळी खाटकाला घरी बोलावून मी पाच कोंबडे कापून घेतले. जेवणारी मी आणि भाऊ दोघंच, उरलेलं शेजारीपाजारी वाटलं. सावजी मसाला घालून झणझणीत रस्सा केला. भाऊ अंगणात बाजेवर बसून जेवला, घाम पुसत पुसत. आम्ही पावसापाण्याचंच बोललो. जाताना त्याची नजर सहाव्याकडे गेली. तो बोरीखाली बांधलेला होता.

"मॅडम, हा देशीन का?" मी मास्तरीण झाल्यापासून तो मला मॅडमच म्हणतो. "दोन दिवसांनी पाहुणे येऊन राह्यले."

"ने," मी म्हणाले. "तुम्हा मुलग्यांना कोणी नाही कधी म्हटलंय?"

त्याने दोरी सोडली. कोंबड्याचे पाय बांधले, पिशवीत घातला, डोकं बाहेर ठेवलं आणि मोटरसायकलला अडकवून गेला.

संध्याकाळी ताईचा फोन. "जेवला तो? काय केलतं?"

"कोंबडं."

"कोणतं?"

"बाजारातून आणलं," मी म्हणाले. हे पहिलं खोटं. "नर ठेवले नं?" याला उत्तर दिलं, "हो." हे दुसरं. त्यानंतर आठ महिने, दर आठवड्याला, तोच प्रश्न आणि तेच खोटं.

दिवाळीनंतर पोरींनी अंडी दिली. शेजारचा तांबडा कोंबडा होताच. कार्तिकात एकीला बसवलं. नऊ पिल्लं, एकाच्याही डोक्यावर ठिपका नाही. असेल, म्हटलं, नऊ म्हणजे काही फार नाहीत. जानेवारीत दुसरीला बसवलं. दहा पिल्लं. मी एकेकाला तळहातावर घेऊन उजेडात डोकं पाहिलं. लव फुंकून पाहिली. ठिपका नाही. तेव्हा पहिल्यांदा मला स्वतःच्या हिशेबाची शंका आली.

मी गेले तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात. तिथली डॉक्टरीण माझ्या एखाद्या विद्यार्थिनीच्या वयाची. बाहेर शेळ्या घेऊन बायका बसलेल्या, तरी तिने मला सगळं बोलू दिलं. मग लसीच्या कार्डाच्या मागच्या बाजूला पेनने दोन रेघा काढल्या.

"मॅडम, कोंबड्यांत आपल्या उलट असतं. हा पट्ट्यांचा गुण ज्या गुणसूत्रावर असतो, ते कोंबड्याजवळ दोन असतात आणि कोंबडीजवळ एकच. आई ते आपलं एकुलतं एक देते ते मुलाला. मुलीला ते फक्त बापाकडून मिळतं. तुमच्या कबरीच्या मुलींना तो रंग मिळालाच नाही."

"लपलेला असेल ना पण? पुढच्या पिढीत..."

"लपायला जागाच नाही त्यात." मग तिने विचारलं, "नर कुठे आहेत?"

"खाल्ले," मी म्हणाले.

तिला हसू आलं. मग माझ्याकडे पाहून ते तिने आवरलं. मानेचा गुण कसा दोघांनाही सारखा जातो, तेही तिने सांगितलं. ते मला येत होतं. मला येत होतं तेवढंच बरोबर आलं, म्हणून मी बाकीचंही मला येतंच असं धरून चालले होते. बसस्टँडवर येऊन बाकावर बसले आणि मला माझीच लाज वाटली. ताईने चौथीत शाळा सोडली. तिने चौकोन आखले नव्हते, नुसतं चाळीस वर्षं पाहिलं होतं. तहसिलीत मी खरी होते, आजही म्हणते. पण तहसिलीतला राग मी खुराड्यात आणला, आणि ज्या गोष्टीत ती खरी होती तीच तिच्या तोंडावर फेकली.

अजून म्हातारी कबरी होती. मी तिला ज्वारी दिली, जवस दिलं, अंड्यांची टरफलं कुटून दिली. महिन्याभरात दोन अंडी. दोन्ही एका पोरीखाली आठ दिवस ठेवून टॉर्चवर धरली तर आत काही नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी पाणी ठेवायला गेले तर ती खुराड्याच्या कोपऱ्यात आडवी. उन्हाला तगणारी जात, पण वयाला कोण तगतं? बोरीखाली खड्डा करून पुरली. त्या खड्ड्याजवळ बसून मी रडले, आणि कोंबडीसाठी नाही रडले.

दुसऱ्या दिवशी पॅसेंजर धरून नागपूरला गेले. भाचा ऑफिसला गेला होता. ताई पलंगावर बसली होती, डोक्यावर रुमाल, मान अशी बारीक झालेली की मला तिच्याकडे पाहवेना. मी पाणी प्यायले आणि एका दमात सगळं सांगितलं. नर कापले, खोटं बोलले, पोरींतून काही आलं नाही, आणि काल कबरीही गेली.

"मले मालूम आहे," ती म्हणाली.

"काय मालूम आहे?"

"करीच्याच दिवशी मालूम झालं. त्यानं फोन केलता. म्हणे ताई, मॅडमनं कबरे कोंबडे कापले, लय झकास झालते."

 आठ महिने! आठ महिने ती दर आठवड्याला मला विचारत होती आणि मी ठेवले म्हणत होते.

"मंग बोलली काऊन नाही? रागावायचं होतं, शिव्या द्यायच्या होत्या. तेव्हा कबरी अंडी देत होती. तेव्हाच पुन्हा बसवली असती."

"दर वेळी वाटे, आज तू खरं सांगशीन. तू सांगतलं असतं तं मी उपाय सांगतला असता." तिला दम लागला. "अन् मी आपल्या तोंडानं बोलली असती, तं तू आयकलं असतं?"

 मी तिचे पाय चेपत बसले. मग ती म्हणाली, "एक आहे."

"काय एक आहे?"

"त्यानं जित्ता नेला तो. मी त्याले फोनवरच सांगतलं, कापशीन तं याद राख. आहे त्याच्याकडं. जा अन् माग."

"तूच सांग ना त्याला, पाठवून देईल."

"मी काऊन सांगू? वाण तुले पाहिजे. तू माग."

नागपूरहून परत येताना गाडीत मी धुसफुसत होते. मरणाच्या दारात बसून माणूस असे डाव खेळतो? पण तिसऱ्या दिवशी जामला उतरले आणि ऑटोने गावात गेले. आठ वर्षांनी. कडुनिंब होता तिथेच होता. भाऊ गोठ्यातून हात पुसत बाहेर आला, मला पाहून थबकला.

"ये मॅडम."

"बसायला नाही आले. कोंबडा पाहिजे होता."

"कोणता कोंबडा?"

"माहीत असून विचारू नको, भैताडा."

"मले मालूम आहे. पण ताईनं सांगतलं आहे, मॅडमनं नीट मागतल्याबिगर देजो नको." तो हसत नव्हता. त्याचेही केस पांढरे झाले होते, मी ते करीला पाहिलेच नव्हते.

 या घरात मी भांडून मागितलं होतं, रडून मागितलं होतं, नुसतं मागितलं कधीच नव्हतं. "मले कबरा कोंबडा दे," मी म्हणाले.

तो मागे गेला आणि कोंबडा दोन्ही हातांत धरून आणला. काय अंग धरलं होतं त्याने! स्वच्छ पट्टे, उघडी लाल मान, गळ्यावर पांढरट झुपका. मागे त्याच्यासाठी जाळीचा वेगळा पिंजरा केलेला होता, मुंगसाच्या भीतीने. "पाहुणे आले तेव्हा बाजारातून आणला दुसरा," तो म्हणाला. मग चहा आला. मी ओसरीच्या पायरीवर बसून घेतला. उंबरठ्याच्या आत गेले नाही, पण चहा घेतला.

कोंबडा सिंदीला आणून त्याच्याच तांबूस-काळ्या बहिणींत सोडला आणि शेजारचा तांबडा त्यांच्याच घरी बांधून ठेवायला लावला. डॉक्टरीण फोनवर म्हणाली, आता बाप कबरा आहे, रंग पोरींनाही मिळेल, निम्म्यांना. मे महिन्यात नऊ अंडी बसवली. खोलीला ओलं तरट लावलं, दुपारी अंड्यांवर पाणी शिंपडलं, रोज देवळात जावं तशी हजेरी लावली. आठ पिल्लं निघाली. चौघांच्या डोक्यावर पांढरा ठिपका. त्यातल्या एकाची मान भरलेली, तिघांची बोडकी.

मी तिथेच उकिडवी बसून फोन लावला. भाच्याने तिच्या कानाशी धरला असावा.

"ताई, ठिपका आला. चौघांच्या डोक्यावर."

"पोट्ट्या किती?" आवाज पार खोल गेला होता.

"आता ठिपक्यावरून समजत नाही ना. बाप कबरा आहे, दोघांनाही येतो. तुरे फुटेपर्यंत कळणार नाही. दीड महिना थांबावं लागेल."

"बरं," ती म्हणाली. "थांबतो मंग."

ती एकोणीस दिवस थांबली.

दिवस झाले, पाहुणे गेले, मी सिंदीला परत आले. पिल्लं आता अंगणभर फिरत होती. जुलैच्या शेवटी एका सकाळी मी चारही कबऱ्यांना धरून नीट पाहिलं. दोघांचे तुरे लाल होऊन वर आले होते. दोघींचे नुसते फिकट, बसके. त्या दोन्ही बोडक्या मानेच्या, अंगभर पट्टे. ताईच्या खुराड्यातल्याच वाटाव्या अशा. मी फोन हातात घेतला, तिचा नंबर काढला आणि तशीच उभी राहिले. हे ऐकायला आता दुसरं कोण होतं? कोणाला या सगळ्याचा अर्थ कळणार होता?

शेताचं मी अजून माफ केलेलं नाही, ते इथे लिहून ठेवते. पण फोन मी भावालाच लावला.

"दोन पोट्ट्या आहेत," मी म्हणाले. "कबऱ्या. बोडक्या मानेच्या."

 तिकडे बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"एक मले देशीन?"

"फोनवर नाही," मी म्हणाले. "मागायला येजो."

रविवारी तो आला. बोरीखाली उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढली आणि नीट मागितली.